बेगमी आणि साठेबाजी

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले की आपण त्यात काय पाहतो? चकली खुसखुशीत झाली आहे की मऊ पडली आहे, करंजीचे सारण खवट तर नाही ना, आणि शेजारच्यांच्या अनारशाला आमच्यापेक्षा सुरेख जाळी पडलीच कशी! हे सारे स्वाभाविक आहे. पण वाचकहो, यंदा चकली हातात घेतल्यावर तिला तिचा भूगोलही विचारून पाहा. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे ही तिची माहेरची माणसे; त्यांचा पत्ता बहुधा आपल्याच देशात लागेल. पण ज्या तेलात ती तळली गेली, त्याचे गाव कोणते? घाण्यावरचे शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल आणणारी घरे अजूनही आहेत. परंतु शहरातल्या पुष्कळशा कढयांत आज सूर्यफुलाचे वा सोयाबीनचे तेल असते, आणि बाजारच्या फरसाणात पामतेल असण्याचाच संभव अधिक. सूर्यफुलाचे तेल युक्रेन आणि रशियाकडून काळ्या समुद्रातून निघते. सोयाबीनचे अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून महासागर ओलांडून येते. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल असे परदेशातून येते. आपल्या कढईला बंदर नाही, एवढेच; बाकी तिचा संसार समुद्रावरच चालतो.

ही वाट जोवर सुरळीत आहे, तोवर तिची आठवण कुणालाच होत नाही. व्यापाराच्या परिभाषेत तिला पुरवठ्याची साखळी म्हणतात. शेतकरी, गिरणी, बंदर, जहाज, पुन्हा बंदर, शुद्धीकरणाचा कारखाना, घाऊक व्यापारी, कोपऱ्यावरचा वाणी आणि शेवटी आपण, अशा तिच्या कड्या. त्यातली एखादी निखळली की मगच आपण त्या मोजायला बसतो.

कडी निखळायला कारण मोठेच लागते असेही नाही. मार्च २०२१ मध्ये सुएझच्या कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ नावाचे ४०० मीटर लांबीचे जहाज सोसाट्याच्या वाऱ्यात आडवे होऊन रुतले. त्यावरचे सारे २५ खलाशी भारतीय होते. २३ तारखेला रुतलेले जहाज २९ तारखेला निघाले. तेवढ्या सहा दिवसांत साडेतीनशेहून अधिक जहाजे कालव्याच्या दोन्ही तोंडांशी खोळंबली. पुढे नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. तेव्हा बड्या जहाज कंपन्यांनी सुएझचा नाद सोडून साऱ्या आफ्रिकेला वळसा घातला. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. इंधन वाढले, विमा वाढला, आणि तो सारा खर्च मालाच्या पाठीवर बसून किनाऱ्याला उतरला.

तेलाच्या बाबतीत मात्र खरी परीक्षा झाली ती २०२२ साली. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि काळ्या समुद्रावरची युक्रेनची बंदरे बंद पडली. आपल्याकडे येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा तेव्हाचा सर्वांत मोठा पुरवठादार तोच. सूर्यफूल मिळेना म्हणून साऱ्या जगाने पामतेलाकडे धाव घेतली. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक इंडोनेशिया. पण तिथल्याच बायकांना स्वयंपाकाचे तेल परवडेना. म्हणून त्या सरकारने २८ एप्रिलपासून पामतेलाची निर्यातच बंद केली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! आपल्या वाण्याच्या दुकानातली तेलाची पिशवी आठवड्या-आठवड्याला महाग होऊ लागली.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. पामची फळे झाडावरून उतरली की एक-दोन दिवसांत गिरणीत गेली पाहिजेत, नाहीतर तेल बिघडते. निर्यात थांबली, गिरण्यांच्या टाक्या भरून गेल्या, आणि फळे घ्यायला कुणी तयार होईना. ज्यांच्या हितासाठी म्हणून काही हुकूम निघाला होता, त्याच देशाचे शेतकरी मे महिन्यात जकार्तात निदर्शने करायला उतरले. शेवटी २३ मे रोजी बंदी उठली. म्हणजे त्या साडेतीन आठवड्यांत सुमात्रातल्या शेतकऱ्याच्या फळाला किंमत नव्हती आणि सोलापुरातल्या गृहिणीला तेल परवडत नव्हते. साखळी तुटली म्हणजे तिची दोन्ही टोके एकदमच दुखतात, ती अशी.

इथे प्रत्येक गृहिणी वाण्याला विचारते तो प्रश्न येतो: “तुमच्याकडचा माल तर जुन्या भावाचा, मग त्याला नवा भाव कसा?” प्रश्न रोखठोक आहे आणि वाण्याचे उत्तरही अगदीच लटके नाही. तो म्हणतो, “बाई, हा डबा विकून जे पैसे येतील त्यातच मला उद्याचा डबा भरायचा आहे. जुन्या भावाने विकला तर उद्या पाऊणच डबा येईल.” व्यापारात मालाची किंमत तो काय भावाने घेतला यावर ठरत नाही, तो पुन्हा काय भावाने मिळेल यावर ठरते. मात्र हाच न्याय भाव उतरताना लावायचा तर दुकानदाराने पुढच्या स्वस्त मालाकडे पाहून आजचा भाव उतरवायला हवा. तेव्हा तो म्हणतो, “काय करू, हा माल चढ्या भावाचा आहे.” चढताना उद्याचा भाव आणि उतरताना कालचा! जुलै २०२२ मध्ये जागतिक बाजारात तेल उतरू लागले होते. तरी केंद्र सरकारला तेलवाल्यांच्या संघटनांना बोलावून छापील किमती खाली आणा, असे सांगावे लागले, ते याचमुळे.

अशा वेळी दोन शब्द कानावर येतात. वर्तमानपत्रे आणि पुढारी ‘साठेबाजी’ म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्या बाया म्हणतात, “थोडी बेगमी करून ठेवायला हवी होती.” मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला शब्दांकडे थोडे निरखून पाहण्याची खोड असते, ती वाचकांनी चालवून घ्यावी. दोन्ही शब्दांत फारसीचा अंश आहे. ‘बेगमी’तला ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे चिंता. बेगमी म्हणजे मुळात निश्चिंती. पावसाळ्याआधी घरात धान्य भरले की मन निश्चिंत होते. म्हणून त्या भरलेल्या धान्यालाच आपण बेगमी म्हणू लागलो. ‘साठेबाजी’तली ‘बाजी’ म्हणजे खेळ, डाव. एक शब्द चिंतेतून सुटण्याचा आणि दुसरा दुसऱ्याच्या चिंतेवर डाव लावण्याचा. वस्तू तीच, पोती तीच, कोठीही कदाचित तीच.

मग फरक कुठे आहे? मला तो मुख्यतः वेळेत दिसतो. बेगमी सुगीत होते. चैत्र-वैशाखात गहू बाजारात ओसंडून वाहत असतो तेव्हा वर्षाचा गहू घ्यायचा, त्याला उन्हे दाखवायची, एरंडेलाचा हात फिरवायचा आणि डबे भरायचे. हळद, तिखट, चिंच, पापड, कुरडया सारे उन्हाळ्यात. त्या वेळी घेणारा असल्याने शेतकऱ्याचा भाव सावरतो आणि पुढे श्रावणात तेवढे एक गिऱ्हाईक बाजारातून कमी असते. साठेबाजी होते टंचाईत. माल आधीच थोडा. त्यातलाही काही बाजूला काढून ठेवायचा म्हणजे उरलेल्याला सोन्याचे मोल येते. पूर्वी खेड्यांत जमिनीखाली धान्याची पेवे असत. एखादी गोष्ट उदंड झाली की आपण अजूनही ‘पेव फुटले’ म्हणतो. पेव भरायचे सुगीत आणि फोडायचे अडचणीत, हा त्याचा धर्म. अडचणीत भरायचे आणि अधिक अडचणीची वाट पाहायची, हा व्यवहार उलटा.

सरकारचा कायदा हा फरक कसा करतो? १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली फेब्रुवारी २०२२ मध्ये खाद्यतेलाच्या साठ्याला मर्यादा घातली गेली: किरकोळ दुकानदाराला ३० क्विंटल, घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल. टंचाईत अशी मर्यादा हवीच. पण कायदा क्विंटल मोजतो. तो साठा सुगीत केला की संकटात, हे क्विंटलावरून कळत नाही. आणि साठा करणारा प्रत्येकजण गुन्हेगार ठरू लागला की संकटाआधी साठवून ठेवण्याचे धाडस कुणी करीत नाही.

एरवीही बेगमीची सवय आपल्यातून जातेच आहे. शहरातल्या दोन खोल्यांत पिंप ठेवायला जागा नाही. आणि हल्ली तर भ्रमणध्वनीवर बोट टेकवले की दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी दारात येते, मग कोठीघर हवे कशाला? हीच बुद्धी कारखानदारांनाही झाली, आणि तिचे शास्त्र बनवले जपानच्या टोयोटा कंपनीत तैइची ओनो यांनी. लागेल तेव्हाच आणि लागेल तितकेच, हे त्याचे सूत्र. सुटे भाग गोदामात पडून राहिले म्हणजे पैसा पडून राहिला. ही पद्धत साऱ्या जगाने उचलली आणि मोटारी त्यामुळे स्वस्तही झाल्या. पण त्या टोयोटालाच ११ मार्च २०११ च्या भूकंपाने आणि सुनामीने धडा शिकवला. पुरवठादारांचे कारखाने बंद पडले आणि गोदामात काहीच नव्हते. तेव्हापासून तिने निदान दुर्मिळ इलेक्ट्रॉनिक चिपांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवण्याचा नियम केला. पुढे २०२१ च्या आरंभी चिपांची जगभर टंचाई झाली, इतर कंपन्यांचे कारखाने थांबले, आणि टोयोटाचे चालू राहिले. सप्टेंबरपर्यंत तीही शिदोरी संपली आणि त्या महिन्यात तिलाही उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करावे लागले, ही गोष्ट वेगळी. बेगमी सर्व संकटे टाळत नाही. ती सावरायला वेळ मिळवून देते. आपल्याकडे त्या वर्षीच्या दसऱ्याला मोटारीचे पैसे भरून गाडीची महिनोन् महिने वाट पाहणाऱ्यांना त्या वेळेची किंमत कळली असेल.

परंतु बेगमीची सवय मोडलेल्या समाजावर एकदम संकट आले तर काय होते, ते २०२० च्या मार्चमध्ये आपण सर्वांनी पाहिले. २४ तारखेच्या रात्री आठ वाजता २१ दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि नवाच्या आत वाण्यांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. पाच किलोच्या जागी वीस किलो पीठ, एका पिशवीच्या जागी सहा पिशव्या तेल. त्या रांगेतला एकही माणूस दुष्ट नव्हता. प्रत्येकाच्या घरी पोरेबाळे होती. प्रत्येकजण आपल्या समजुतीप्रमाणे बेगमीच करीत होता. पण ती अवेळी होती आणि सर्वांनी एकाच रात्री केली, म्हणून तिचा परिणाम साठेबाजीसारखाच झाला. तहान लागल्यावर विहीर खणायला गेले की असेच व्हायचे. फक्त इथे शेजाऱ्याच्या विहिरीचेही पाणी आटते.

आणि त्या रांगेत जो उभाच नव्हता, त्याचे काय? ज्याची मजुरी रोजच्या रोज मिळते, तो तेल बाटलीतून पाच-दहा रुपयांचे आणतो. त्याला सुगीतली बेगमी परवडत नाही आणि टंचाईतला चढा भावही. साखळी तुटण्याचा सगळा भार शेवटी त्याच्यावर येतो, कारण बाकी सारे आपापला भार पुढच्याच्या खांद्यावर टाकू शकतात. त्याच्या पुढे कुणीच नसते.

हा भार किती जड होऊ शकतो ते या देशाने १९४३ मध्ये पाहिले आहे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून बंगालच्या किनाऱ्यावरच्या हजारो नावा सरकारने काढून घेतल्या, म्हणजे देशातल्या देशातली कडीही तोडली. ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ झाले. प्रांताप्रांतांनी आपले धान्य बाहेर जाऊ न देण्याचे हुकूम काढले. ज्यांच्याजवळ तांदूळ होता त्यांनी तो दाबून ठेवला. १५ लाख माणसे मेली असा अंदाज १९४५ च्या चौकशी आयोगाने केला. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा ३० लाखांपर्यंत नेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की त्या वर्षी बंगालमध्ये तांदूळ मागच्या वर्षांच्या मानाने फारसा कमी नव्हता. तो विकत घेण्याची ताकद शेतमजूर, कोळी, नावाडी यांच्यात उरली नव्हती. त्याच वर्षाच्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झाले. रेशनच्या रांगांना आपल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ नावे ठेवली, आणि ती रास्तही होती. पण गाडीवाल्याला आणि शेटजीला एकाच मापाने धान्य मिळाले पाहिजे, ही कल्पना त्या रांगेत होती.

स्वातंत्र्यानंतर या कल्पनेला कोठार मिळायला वेळ लागला. १९६५-६६ च्या अवर्षणात आपण अमेरिकेच्या गव्हावर जगत होतो, आणि अध्यक्ष जॉन्सन तो गहू महिन्या-महिन्याच्या हप्त्याने सोडीत होते. जहाज आले तर घास, अशी अवस्था. १९६५ मध्येच भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि पुढे हरितक्रांतीच्या पिकांनी त्याची गोदामे भरली. त्यात उंदीर, ओल, गळती, भ्रष्टाचार सारे झाले. तरीही एप्रिल २०२० पासून कोट्यवधी माणसांना माणशी पाच किलो धान्य फुकट वाटता आले ते त्या गोदामांमुळेच. ज्याला स्वतःची बेगमी करता येत नाही त्याच्यासाठी साऱ्या देशाने सुगीत केलेली ती बेगमी होती.

तेलाला मात्र असे कोठार नाही. आणि तेलाची सुगी आपल्या दारात येऊन जाते! महाराष्ट्र हे सोयाबीन पिकवणाऱ्या प्रमुख राज्यांपैकी एक. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, आणि मराठवाडा-विदर्भातल्या बाजारांत ते त्याहून कमी भावाने विकले जात होते. त्याच वर्षी सोयाबीनचेच तेल जहाजे भरभरून अर्जेंटिनाहून येत होते. करडईचे क्षेत्र तर आपल्याकडे वर्षानुवर्षे घटतच गेले. सुगीत घेणारा नाही आणि टंचाईत देणारा नाही, म्हणजे तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले.

इंडोनेशियाला नावे ठेवण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याची तेलबंदी चालू असतानाच, १३ मे २०२२ रोजी, आपण गव्हाची निर्यात बंद केली. मार्चमधल्या उष्म्याने पीक घटले होते. आणि कांद्याचे तर आपणच जगाचे इंडोनेशिया. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण कांद्याची निर्यात बंद केली आणि ढाक्यात हाहाकार उडाला. त्यानंतर दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या पंतप्रधान शेख हसीना हसत हसत म्हणाल्या की, आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे. सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंदीचे हेच प्रयोग पुन्हा झाले. लासलगावच्या परिसरातला शेतकरी उन्हाळी कांदा चाळीत ठेवतो. चार-पाच महिने सडका निवडतो, वजनातली घट सोसतो. ही त्याची बेगमी आणि आपलीही, कारण भाद्रपद-आश्विनात आपण तोच कांदा खातो. भाव चढला की आपण त्याला साठेबाज म्हणतो, निर्यात बंद करा म्हणून ओरडतो, आणि भाव कोसळून त्याने कांदा रस्त्यावर ओतला की ते छायाचित्र पाहून हळहळतो. पुढच्या वर्षी तो चाळ भरील कशाला, हा विचार मात्र करीत नाही.

तेव्हा मध्यमवर्गीय कुटुंबाने करावे तरी काय? जमेल तेवढे धान्य, डाळी, तिखट-मसाले सुगीत भरावेत. डबा लहान असला तरी चालेल. तेल फार दिवस ठेवू नये, खवट होते. पण जवळच्या घाण्यावरचे शेंगदाण्याचे, करडईचे तेल महिन्याकाठी एक किलो जरी घेतले तरी एक कडी जवळ येते. संकटाची बातमी आली की धावत दुकानात जाऊ नये; आठवड्याला लागते तेवढेच आणावे आणि उरलेले मागच्या माणसासाठी सोडावे. आणि कांदा महागला म्हणून शेतकऱ्याची बाजारपेठ बंद करा, असे म्हणण्याऐवजी आपल्या प्रतिनिधीला इतके तरी विचारावे की, सुगीत भाव पडला होता तेव्हा सरकारने किती कांदा, किती तेलबिया भरून ठेवल्या?

हे प्रश्न सणासुदीचे नव्हेत, असे कुणी म्हणेल. पण दिवाळी हा मुळात सुगीचाच सण आहे. खरिपाचे धान्य घरात येते, कोठ्या भरतात, म्हणून तर आपण दिवे लावतो. त्या भरलेल्या कोठीत ज्याला कोठी नाही त्याचाही वाटा धरला तर बेगमी या शब्दाचा जुना अर्थ खरा होईल, आणि दिवाळीची निश्चिंती चार घरे पुढेही जाईल.